पाला, पाचट आणि फोर-लो: बर्फात गाडी चालवायची कशी

पुतण्यानं थार घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात मनालीला निघाला. आदल्या संध्याकाळी पेढे द्यायला आला आणि सहज म्हणाला, “तात्या, फोर बाय फोर आहे. बर्फाचं काय एवढं?” त्याला ओट्यावर बसवला तो रात्री साडेदहापर्यंत सोडला नाही. घरातनं दोनदा जेवायला हाका आल्या, भाकरी निवून गेल्या. त्या रात्री त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय. जानेवारीत आपल्याकडच्या एमएच पाट्यांच्या गाड्या तिकडं ढिगानं जातात आणि चालवणाऱ्यानं पांढरं म्हणून पाहिलेलं असतं ते फार तर महाबळेश्वरचं दवबिंदू गोठलेलं गवत.

मी साताऱ्याकडचा. शेजारचं अपशिंगे ‘मिलिटरी’ याच नावानं ओळखलं जातं, तेव्हा आमच्या भागात फौजेत जायला कारण लागत नाही. १९९५ ला एएससीत (आर्मी सर्व्हिस कोअर, फौजेचं रसद-वाहतूक खातं) ड्रायव्हर म्हणून भरती झालो, २०१९ ला हवालदार होऊन पेन्शनीत आलो. मधल्या काळात जिप्सी चालवली, स्टॅलियन ट्रक चालवला. बर्फ पाहिला तो द्रासकडं आणि अरुणाचलात सेला खिंडीवर.

आता मुद्द्याचं. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो. जोर कशाला? पुढं जायला. ब्रेक जुन्या मारुतीलाही चार चाकांना असतात आणि तुमच्या थारलाही चारच चाकांना. थांबायच्या वेळी दोघी सारख्याच, उलट थारचं वजन जास्त. साधी गाडी बर्फाच्या चढाला चाक फिरवत जागेवरच राहते आणि मालकाला वेळेत अक्कल येते. फोर बाय फोर तोच चढ हसत चढते आणि मालकाला उताराच्या तोंडावर नेऊन सोडते. अक्कल मग तिथं येते.

मला आली ती सेलावर. खिंड चौदा हजार फुटांच्या जरा खाली. आता २०२४ पासून तिथं बोगदा झालाय, तेव्हा माथ्यावरूनच जावं लागायचं. तवांगच्या बाजूला उतरताना जिप्सी फोर-हायला (म्हणजे चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगाला), गिअर तिसरा, वेग असेल वीस-पंचवीस. चढ इतका सुरेख चढलो होतो की मनात जसवंतगडावरच्या चहाचं चाललं होतं. पुढं एक वळण सावलीत होतं. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. दाबलासुद्धा नाही, ठेवला. पुढची चाकं अडकली, स्टिअरिंग मोकळं झालं, म्हणजे फिरतंय पण गाडीला त्याचं सोयरसुतक नाही. आवाज बंद. टायरचा नाही, काही नाही. गाडी शांतपणे सरळ निघाली. नशीब इतकंच की दरी उजवीकडं होती आणि मी डोंगराच्या अंगाला होतो. डावं चाक गटारात गेलं, बंपर मातीत रुतला. मागनं येणाऱ्या उस्तादांनी उतरून आधी सिगरेट पेटवली, मग विचारलं, “मराठे, वळणात ब्रेक कुणी शिकवला?”

तर पहिला धडा तोच. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात फक्त वळायचं.

खटका कधी, कुठला

थार, जिम्नी, जुनी जिप्सी, स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर मॉडेल, या सगळ्या ‘पार्ट-टाइम’ जातीच्या. टू-हाय म्हणजे रोजची चाल, तिला फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हायला पुढचा-मागचा दांडा एकमेकांना जखडला जातो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बर्फावर चाक जरा सरकून ती तूट भरून काढतं, कोरड्या डांबरावर सरकायला जागा नसते. मग स्टिअरिंग जड होतं, गाडी अडल्यासारखी चालते आणि आतले गिअर ताणले जातात. म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर-हाय नको.

मनालीहून लाहौलला जाताना हे पाहायला मिळतं. सोलंगच्या पुढं बर्फ लागला की फोर-हाय टाका. टाकताना चाकं सरळ, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत असेल तर गिअर अजून बसलेला नाही. स्थिर झाला की झालं. पुढं अटल बोगदा येतो, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालेला, ९.०२ किलोमीटर. आत बर्फ कुठला? रस्ता कोरडा असेल तर तोंडाशीच टू-हायला या. आणि पलीकडचा उजेड दिसू लागला की वेग उतरवा, पुन्हा फोर-हाय. बोगद्यातनं साठच्या वेगानं बाहेर पडून पलीकडच्या सिस्सू गावाच्या बाजूच्या गोठलेल्या डांबरावर गाडी घालणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. बोगद्यापलीकडचं हवामान अलीकडच्यासारखं असेल असं धरून चालूच नका, मधे अख्खा पीर पंजाल आहे.

फोर-लो हा वेगळा प्रकार. गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रल, मग खटका. यात चाकं हळू फिरतात आणि ताकद कितीतरी वाढते. उभा चढ, खोल ताजा बर्फ, रुतलेली गाडी काढणं, तीव्र उतार, एवढ्यासाठीच. पण निसरड्या चढावर फोर-लोचा पहिला गिअर टाकून दणका दिलात तर चाक जागेवर फिरतं आणि खालचा बर्फ घासून आरसा करतं. दुसऱ्या गिअरमध्ये निघा. क्लच सावकाश सोडा.

चढ आणि उतार

चढाला लागण्याआधी खालीच थांबा. पुढची गाडी माथ्यावर पोचू दे, मग निघा. ती मधे अडकली की तुम्हीही मधे अडकता, आणि बर्फाच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं फार जड. एकदा निघालात की अॅक्सिलरेटर एकसारखा. जोर कमी पडतोय वाटलं तर जास्त दाबू नका, स्टिअरिंग जरासं डावं-उजवं हलवा, टायरच्या कडा कधीकधी पकड शोधतात. नाहीच जमलं तर चाक फिरू लागताच पाय काढा, रिव्हर्स टाका आणि आल्या चाकोरीतून सरळ खाली या. चढावर गाडी वळवायचा प्रयत्न म्हणजे आडवी होऊन घसरायचं आमंत्रण.

उतार. इथं पाय कुठं असावा याहून कुठं नसावा ते महत्त्वाचं. क्लचवर नसावा. क्लच दाबला की इंजिनाची ओढ सुटली आणि गाडी मोकाट. आमच्याकडं घाटात बैलगाडी उतरवताना बैलांनी मागं रेटून गाडी अंगावर तोलायची असते, तसं इंजिनानं गाडी तोलायची. उतार सुरू व्हायच्या आधी, वर, सपाटीवर गिअर ठरवा. फोर-हायचा पहिला-दुसरा बहुतेक ठिकाणी पुरतो. फार उभं असेल तर फोर-लोचा दुसरा. फोर-लोचा पहिला काचेसारख्या बर्फावर उलटा पडू शकतो: इंजिन चाकांना इतकं आवरतं की वजनानं गाडी खाली निघते आणि चाकं मागं राहतात, म्हणजे पुन्हा घसरणंच. तसं झालं तर अगदी हलका अॅक्सिलरेटर द्या, चाकं फिरू लागली की पकड परत येते. उतारावर अॅक्सिलरेटर द्यायला मन धजत नाही. द्यावा लागतो.

मागची बाजू फिरली तर ब्रेक नाही. पाय वर, नजर जिथं जायचंय तिथं, स्टिअरिंग तिकडंच. पुढची बाजू सरळ पळायला लागली, वळतच नाही, तर माणूस घाबरून स्टिअरिंग आणखी वळवतो. उलट थोडं सरळ करा, चाकाला पकड लागू द्या, मग वळवा. एबीएसवाल्या (ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या) गाडीत अगदीच वेळ आली तर ब्रेक दाबून धरा, पायाखाली थरथर होईल, होऊ द्या. आमच्या जुन्या जिप्सीला एबीएस नव्हतं, तिथं दाब-सोड, दाब-सोड करावं लागे.

आणि अंतर ठेवा. बर्फावर, त्यातही गोठलेल्या रस्त्यावर, थांबायला कोरड्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागतं. मधल्या जागेत दुसरा घुसला तर घुसू दे. सोलंगच्या वरच्या कोंडीचं निम्मं कारण हेच असतं, एकानं रांग मोडायची आणि समोरून बस यायची. २०२४ च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, तिथं हजारभर गाड्या अडकल्या होत्या. त्यात फोर बाय फोर नव्हत्या असं थोडंच?

पाला

पहिल्यांदा एका हिमाचली ड्रायव्हरनं मला सांगितलं, “आगे पाला जमा है, संभल के,” तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मेथीचा पाला आला. मला वाटलं झाडाचा पाला पडलाय रस्त्यावर, त्यात काय सांभाळायचं. त्यांचा पाला म्हणजे दहिवर गोठून डांबरावर बसलेला पातळ बर्फ. दिसत नाही. रस्ता नुसता ओला वाटतो, काळा आणि चकचकीत. पांढऱ्या बर्फापेक्षा मला याची भीती जास्त. पांढऱ्यात चाक रुतून थोडं तरी धरतं.

ओळखायचा कसा? पुढच्या गाडीच्या चाकातनं पाणी उडत नसेल आणि रस्ता मात्र ओला दिसत असेल, तर ते पाणी नाही. टायरचा आवाज एकदम गेला, तर खाली पाला. स्टिअरिंग फुलासारखं हलकं झालं, तर पाला. तो कुठं असतो तेही ठरलेलं असतं: डोंगराच्या सावलीतली वळणं, पुलांवर (खालूनही गार वारा लागतो), रस्त्यावरून झरा वाहतो तिथं. दुपारी उन्हानं बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं, ऊन कललं की तेच पाणी गोठतं. म्हणून आमचा नियम साधा होता, उन्हं चढल्यावर निघायचं आणि तीनच्या आत मुक्काम गाठायचा. पर्यटक उलट करतात. सिस्सूला फोटो काढत चार वाजवतात आणि पाचला परतीला लागतात.

आणखी एक, जे ऐकून लोक चकित होतात: उणे पंधरामधला बर्फ शून्याजवळच्या बर्फाइतका निसरडा नसतो. द्रासचा कोरडा बर्फ पायाखाली करकरायचा, त्यावर गाडी बऱ्यापैकी चालायची. सेलावरचा ओलसर, वितळायला आलेला बर्फ म्हणजे साबण.

चेन

टायरला गुंडाळायच्या लोखंडी साखळ्या, फौजेत त्यांना नॉन-स्किड चेन म्हणतात. ताजा बर्फ पडला की मनालीत पोलिस पुढं फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात. त्या ‘किंवा’वर जाऊ नका. फोर बाय फोर असली तरी चेन जवळ असू दे. टायर काय करतात? थंडी सात अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. खास बर्फाच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं; आपल्या गाड्यांवर कंपनीतून येणाऱ्या टायरला बहुतेक ते नसतं, नुसतं एम-प्लस-एस (मड आणि स्नो) असतं. ते चिखलाला ठीक.

चेन घालायची ती बर्फ सुरू व्हायच्या आत, सपाट जागी. अडकल्यावर चढावर झोपून घालायची नाही. आधी चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला हवीत, टायरकडं नको, नाहीतर रबर चिरतात. टायरवरून शालीसारखी टाका, मागचा भाग चाकामागं सारा, गाडी अर्धं चाक पुढं घ्या, म्हणजे राहिलेली टोकं हाताशी येतात. आतला आकडा आधी लावा. तो दिसत नाही, बोटांनी चाचपूनच लागतो, आणि खरी झटापट तिथंच आहे. मग बाहेरचा आकडा, मग ताण. शंभर मीटर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा, पहिल्या आवळण्यात ती कधीच पुरती बसत नाही. वेग तीसच्या आत. बोगद्यासारखा लांब कोरडा पट्टा आला तर काढा. डांबरावर चेन तुटते आणि तुटलेली कडी ब्रेकच्या पाइपला लागते.

लोकरीच्या मोज्यांवर रबरी हातमोजे घाला. ओलं बोट उणे दहातल्या लोखंडाला चिकटतं, आणि मग सालपट त्याचं. गुडघ्याखाली घ्यायला गाडीतलं मॅट.

चारही चाकांना चेन असेल तर उत्तम. एकच जोडी असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या चाकांना. नुसत्या पुढच्या चाकांना घातली तर उतारावर मागची बाजू पुढं यायला बघते. नुसत्या मागच्यांना घातली तर स्टिअरिंगला पकड राहत नाही. हे माहीत असलं की पाय आपोआप हलका राहतो. पुतण्याला मी अंगणात तीनदा घालायला लावली. पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, तिसऱ्यांदा अठरा. शेजारचे विचारत होते, बर्फ पडणार आहे का साताऱ्यात.

रुतली तर

शेतातून उसाची ट्रॉली काढताना ट्रॅक्टर रुतला तर काय करतो आपण? चाकाखाली पाचट टाकतो. बर्फात तेच करायचं, फक्त पाचट मिळत नाही. गोणपाट, खडी, वाळू, गाडीतली मॅट. मी पुतण्याला दोन रिकामी पोती आणि एक घमेलंभर बारीक खडी भरून दिली. हसला. पण आणखी एक वस्तू सगळ्यात कामाची, फावडं. तिकडं बेलचा म्हणतात. गाडी रुतते ती बहुतेकदा चाकांमुळं नाही, पोटामुळं. बर्फ चॅसिसखाली दाबून भरतो, गाडी त्यावर बसते आणि चाकं हवेत असल्यासारखी फिरतात. आधी पोटाखालचा बर्फ काढा, मग चाकापुढचा, मग मागचा. चाकं सरळ करा. फोर-लो. ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर बंद, नाहीतर चाक जरा फिरलं की ते इंजिनच दाबतं. मग पुढं-मागं, पुढं-मागं, झोका दिल्यासारखं. खोल मऊ बर्फात टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली तर चाक पसरतं आणि वर राहतं. बाहेर आलात की भरा. तसंही थंडीत हवा आपोआप उतरते. साताऱ्यात तीस अंशांत भरलेले टायर उणे पाच अंशांत काही पीएसआयनं कमी दाखवतात, तेव्हा तिथं पोचल्यावर एकदा मोजा.

तासाभरात निघालीच नाही, अंधार पडला, तर गाडी सोडून चालत जाऊ नका. आणि हे नीट वाचा: हीटरसाठी इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, दर वेळी करा. बर्फानं ते बुजलं की धूर आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, नुसती झोप येते. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांतली वीसहून जास्त माणसं गेली; त्यातली बरीच अशीच, गाडीत बसल्या बसल्या. दहा मिनिटं इंजिन, मग बंद. वाऱ्याची नसलेली खिडकी दोन बोटं उघडी. पांघरुणं, पाणी, गूळ-शेंगदाणे डिकीत नाही, आत हाताशी. बर्फ दारावर चढला तर डिकी उघडत नाही.

बाकी बारीकसारीक. डिझेल मनालीला पोचल्यावर टाका, खालचं मैदानी डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं. (लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ ला उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल काढलं; आमच्या वेळी पहाटे टाकीखाली स्टोव्ह धरणारे धाडसी लोक होते, ते करू नका.) कूलंट निम्मं-निम्मं आहे का बघा, साध्या पाण्यावर गाडी नेऊ नका. रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वायपर काचेपासून उभे करा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकते.

पुतण्या जाऊन आला. बोगद्यापलीकडच्या कोकसरच्या अलीकडं एक वळण सोडलं तर काही झालं नाही म्हणाला. त्या वळणाचं विचारलं तर विषय बदलला. गाडीच्या पोटाखालची घाण मी त्याला इथं आल्यावर पाण्याच्या दाबानं धुवायला लावली. चेन मात्र त्यानं ओलीच पिशवीत कोंबली होती. महिन्यानं काढली तर गंजून एकच गोळा. दोन दिवस डिझेलात भिजत घातली, कडी-कडी सोडवली, तेल लावून गोठ्यात खुंटीला टांगली. मागच्या आठवड्यात आमच्या म्हाताऱ्यानं ती म्हशीला बांधली होती.